लहान स्वयंपाकघरात पांढरी आणि तपकिरी कपाटे: झाक ओळखण्यापासून शटर बसवण्यापर्यंत

डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचके घराचे स्वयंपाकघर आठ फूट लांब आणि सात फूट रुंद आहे. ओटा इंग्रजी एल आकाराचा असून त्यावर काळा ग्रॅनाइट आहे, सिंकच्या वर एक खिडकी आहे आणि ओट्याच्या आखूड बाजूच्या टोकाला फ्रिज उभा आहे. या जागेत वरची कपाटे पांढरी आणि ओट्याखालच्या ट्रॉल्या तपकिरी करायच्या, असे आम्ही ठरवले तेव्हा ते काम दोन सनमायके निवडण्याइतके सोपे वाटले होते. प्रत्यक्षात एक तपकिरी सनमायका बदलावा लागला, दोन तयार शटर पुन्हा करावी लागली आणि एक बाजू आजही इतरांपेक्षा किंचित वेगळी दिसते. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळा क्रम सविस्तर लिहीत आहे. येथे प्लायवूडवर सनमायका लावून केलेल्या कपाटांचाच विचार केला आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक लहान घरांत सुतार किंवा ट्रॉलीवाले हेच काम करतात.

सुरुवातीला हाताशी ठेवायच्या वस्तू आणि कागद

- मोजपट्टी, पाणसळ, ओळंबा आणि गुण्या (काटकोन तपासायचे साधन). शेवटचे तीन मिस्त्रींकडे असतातच, पण ते वापरले जात आहेत की नाही हे तुम्ही पाहायचे आहे.
- कागदी चिकटपट्टी. भिंतीवर कपाटांच्या रेषा आखण्यासाठी ती लागते आणि काढली तरी रंगाचे पापुद्रे सहसा निघत नाहीत.
- तुमच्या ग्रॅनाइटचा, भिंतीवरच्या टाईलचा आणि फरशीचा एकेक तुकडा. तुकडे नसतील तर नमुनेच घरी आणून त्यांच्या शेजारी धरावेत. टाईलचा फोटो मोबाइलवर दाखवून रंग जुळवू नये.
- झेरॉक्सचा पांढरा कोरा कागद. त्याचा उपयोग दुसऱ्या पायरीत येईल.
- बिल्डरने दिलेला फ्लॅटचा नकाशा, सोसायटीचे परवानगीपत्र, सोसायटीने घेतलेल्या डिपॉझिटची पावती आणि राडारोडा कोठे टाकायचा याबद्दलची सूचना.
- लेखी कोटेशन. त्यात काय असावे हे पाचव्या पायरीत लिहिले आहे.

पायरी १: दोन रंग निवडण्यापूर्वी आधीचे रंग मोजा

आपण म्हणतो की दोनच रंग वापरायचे आहेत, परंतु स्वयंपाकघरात फरशी, ग्रॅनाइट, भिंतीवरच्या टाईल्स, फ्रिज आणि छत असे पाच रंग आधीपासून हजर असतात आणि त्यातले तीन-चार तरी बदलायचे नसतात. म्हणून वहीच्या एका पानावर हे पाचही रंग लिहून काढा आणि ज्यांना हात लावायचा नाही त्यांच्यापुढे खूण करा. नवी कपाटे या खूण केलेल्या रंगांशी जुळायला हवीत. कॅटलॉगमधल्या सुंदर स्वयंपाकघराची फरशी आणि ग्रॅनाइट आपल्या घरी नसतात, त्यामुळे तिथला मेळ जसाच्या तसा उचलून चालत नाही.

यातला सर्वांत प्रबळ रंग ग्रॅनाइटचा असतो. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत ओट्यावर काळा ग्रॅनाइट असतो आणि त्याच्याखाली गडद चॉकलेटी शटर लावले की काळा आणि तपकिरी एकमेकांत मिसळून खालचा सगळा भाग एका जड ठोकळ्यासारखा दिसू लागतो. साठ चौरस फुटांपेक्षा लहान स्वयंपाकघरात आणि काळ्या ग्रॅनाइटखाली वेंगेसारखा काळपट तपकिरी रंग लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सागवानी, ओक किंवा फिकट वॉलनट अशा मध्यम छटांमध्ये काळ्या दगडाची कड ठळक उठून दिसते आणि खालचा भाग मोकळा वाटतो. तुमचा ग्रॅनाइट फिकट असेल किंवा ओट्यावर पांढरट क्वार्ट्झ असेल, तर मात्र गडद तपकिरी खुशाल घ्यावा.

दुसरा महत्त्वाचा रंग टाईल्सचा आहे. बिल्डरने लावलेल्या टाईल्स बहुधा क्रीम किंवा हस्तिदंती असतात, आणि त्यांच्या शेजारी शुभ्र पांढरे कपाट बसवले की टाईल्स धुतलेल्या असूनही मळकट दिसतात. टाईल्स बदलणार नसाल तर तुमचा पांढरा रंग टाईलमधल्या पांढऱ्यावरून ठरवा. टाईल्स बदलणार असाल तर आधी सनमायका निश्चित करा आणि त्याचा तुकडा घेऊन टाईलच्या दुकानात जा.

पायरी २: पांढऱ्याची आणि तपकिरीची झाक ओळखा

या संपूर्ण कामातला निर्णायक भाग हाच आहे, त्यामुळे येथे घाई करू नये.

पांढरा रंग एक नसतो. फ्रॉस्टी व्हाइट या नावाने मिळणाऱ्या पांढऱ्याला बहुधा निळसर झाक असते, ऑफ व्हाइट आणि आयव्हरीला पिवळसर झाक असते, तर काही पांढरे राखाडीकडे झुकतात. तपकिरीचेही तसेच आहे. साग आणि ओक पिवळसर असतात, चेरी आणि महोगनी तांबूस असतात, आणि हल्ली मिळणारे बरेच वॉलनट राखाडी असतात. दुकानातल्या दीडशे नमुन्यांमध्ये ही झाक डोळ्यांना कळत नाही, कारण डोळा केवळ फिकट आणि गडद एवढाच फरक पकडतो.

पांढऱ्याची झाक ओळखण्यासाठी नमुना झेरॉक्सच्या कोऱ्या कागदावर ठेवावा. या कागदात उजळपणासाठी घातलेल्या द्रव्यांमुळे थोडी निळसर चकाकी असते, त्यामुळे पिवळसर पांढरा त्याच्यावर लगेच लोण्यासारखा दिसतो आणि निळसर पांढरा कागदात मिसळून जातो. तपकिरीची झाक ओळखण्यासाठी एकच नमुना पाहू नये. तीन तपकिरी शेजारी शेजारी ठेवले की कोणता तांबूस आणि कोणता राखाडी हे आपोआप उघड होते.

जुळवणीचा नियम साधा आहे. पिवळसर पांढऱ्याशी पिवळसर किंवा तांबूस तपकिरी चांगला दिसतो आणि निळसर किंवा राखाडी पांढऱ्याशी राखाडी तपकिरी चांगला दिसतो. निळसर पांढरा आणि तांबूस चेरी एकत्र आणले की पांढरा रंग दवाखान्यातल्या भिंतीसारखा थंड वाटतो आणि चेरी अधिकच लाल दिसू लागतो. आमच्या टाईल्स क्रीम रंगाच्या असल्यामुळे आम्ही ऑफ व्हाइट आणि पिवळसर ओक या जोडीवर थांबलो.

सुरुवातीला मात्र आम्ही दुसराच तपकिरी घेतला होता. दुकानात पिवळ्या दिव्यांखाली तो उबदार, मधासारखा दिसला. त्याचा शीट घरी आला, सुतारकाकांनी दोन शटर तयार केली आणि ती ओट्याखाली टेकवून उभी केली तेव्हा दोन्ही जवळजवळ काळी दिसत होती. दुकानाने नमुना चुकीचा दिला नव्हता. आम्ही तो चुकीच्या उजेडात आणि चुकीच्या उंचीवर पाहिला होता.

पायरी ३: नमुना त्याच्या खऱ्या जागी उभा करून पाहा

दुकानात दाखवायचा नमुना हाताच्या पंज्याएवढा असतो. किमान वहीच्या पानाएवढा तुकडा मागून घ्या, अनामत ठेवावी लागली तरी चालेल. घरी आणल्यावर तो टेबलावर आडवा ठेवून पाहू नका, कारण शटर उभे असते आणि उभ्या पृष्ठभागावर उजेड वेगळा पडतो. तपकिरी तुकडा ओट्याखाली, गुडघ्याच्या उंचीवर, ग्रॅनाइटच्या पुढे आलेल्या कडेच्या सावलीत उभा करा. पांढरा तुकडा डोळ्यांच्या उंचीपेक्षा थोडा वर, जिथे कपाट येणार आहे त्या भिंतीवर चिकटपट्टीने लावा. नंतर सकाळी, भर दुपारी आणि रात्री दिवा लावून, असे निदान तीन दिवस पाहा. घरातली जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिने संध्याकाळी काम करता करता दिलेले मत दुकानात उभे राहून दिलेल्या मतापेक्षा अधिक भरवशाचे असते.

दिव्याचा प्रश्न येथेच सोडवून टाका. एलईडीच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा लिहिलेला असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळा, ४००० म्हणजे मधला आणि ६५०० म्हणजे आपल्या नेहमीच्या ट्यूबलाइटसारखा निळसर पांढरा उजेड. ६५०० केल्विनच्या उजेडात पांढरी कपाटे अधिक थंड आणि तपकिरी शटर राखाडी दिसतात, तर ३००० केल्विनच्या उजेडात लाकडी रंग खुलतो, पण पांढरा पिवळा पडल्यासारखा वाटतो. दोन्ही रंगांना न्याय द्यायचा असेल तर ४००० केल्विनचे दिवे घ्यावेत आणि ते छताबरोबरच वरच्या कपाटांच्या तळाशीही बसवावेत. कपाटाखालची पट्टी असेल तर भाजी चिरताना आपली सावली हातावर पडत नाही आणि ओट्याच्या पुढची तपकिरी बाजूही अंधारात जात नाही. छतावरचा दिवा एका रंगाचा आणि कपाटाखालचा दुसऱ्या रंगाचा असे मात्र करू नये, कारण मग एकच पांढरा रंग दोन ठिकाणी दोन प्रकारचा दिसतो.

पायरी ४: कोणता रंग कोठे थांबणार हे भिंतीवर आखा

लहान जागेत वर पांढरा आणि खाली तपकिरी हीच रचना बहुतेक वेळा योग्य ठरते आणि त्याची कारणे व्यवहाराची आहेत. वरची कपाटे डोळ्यांसमोर असतात, छताला लागून असतात आणि एका हाताच्या अंतरावर असतात. ती गडद असली की भिंत अंगावर आल्यासारखी वाटते. खालच्या शटरना पाय, गुडघे, ओले हात, लादी पुसण्याचे फडके आणि मुलांच्या सायकली लागतात, म्हणून तिथे रेषा असलेला लाकडी रंग डाग सामावून घेतो.

भिंतीवर आखताना पुढील मापे हाताशी ठेवा. ओट्याची उंची साधारण ३२ ते ३४ इंच, ओट्याची खोली २४ इंच, ओटा आणि वरच्या कपाटांमधले अंतर २४ इंच आणि वरच्या कपाटांची खोली १२ ते १४ इंच असते. रोज स्वयंपाक करणारी व्यक्ती उंच किंवा बुटकी असेल तर ही मापे तिच्या कोपरावरून ठरवा. कणीक मळताना खांदे वर उचलावे लागत असतील तर ओटा उंच झाला आहे.

आता रंग बदलण्याच्या जागा. रंग नेहमी आडव्या मोकळ्या पट्ट्यात किंवा आतल्या कोपऱ्यात बदलावा, सलग ओळीच्या मध्ये कधीही बदलू नये. ओटा आणि वरची कपाटे यांच्या मधला टाईलचा पट्टा ही सर्वांत नैसर्गिक सीमा आहे. एक शटर पांढरे आणि एक तपकिरी अशी बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी मोठ्या स्वयंपाकघरात कदाचित खपून जाते, परंतु आठ फुटांच्या भिंतीवर ती भिंतीचे तुकडे पाडते आणि जागा आहे त्याहून लहान दिसते.

माळ्याची दारे पांढरीच ठेवा. बऱ्याच घरांत वरची कपाटे पांढरी करून माळा मात्र खालच्या रंगात केला जातो, कारण उरलेला तपकिरी सनमायका संपवायचा असतो. त्यामुळे तपकिरी पट्टा थेट छताखाली येतो आणि छत खाली उतरल्यासारखे वाटते. फ्रिजशेजारी उंच कपाट करणार असाल तर ते खोलीच्या टोकाला घ्या. दारातून आत येताना ते पहिल्यांदा समोर दिसत असेल तर पांढरे करा आणि दाराच्या बाजूच्या भिंतीला लपत असेल तर तपकिरी चालेल. खिडकीसमोरच्या भिंतीवर जास्तीत जास्त पांढरा ठेवावा म्हणजे आत आलेला उजेड परत खोलीत फिरतो. खिडकीला लागून असलेला गडद रंग मात्र खिडकीच्या प्रखर उजेडाशेजारी आहे त्याहून काळा दिसतो.

दोन रंगांना जोडणारी गोष्ट म्हणजे हँडल. वर एक आणि खाली दुसरे असे न करता दोन्हीकडे एकाच धातूचे, एकाच रंगाचे हँडल लावा. काळा ग्रॅनाइट असेल तर मॅट काळे हँडल त्या दगडाशी नाते जोडते. वरच्या आणि खालच्या शटरच्या उभ्या फटी शक्य तिथे एका रेषेत येतील असे पाहा. रंग वेगळे असताना रेषाही वेगळ्या पडल्या तर नजर कोठेच ठरत नाही.

पायरी ५: सनमायक्याचा हिशोब आणि कोटेशन

सनमायक्याचा शीट आठ फूट बाय चार फूट असतो, म्हणजे ३२ चौरस फूट. शटरच्या बाहेरच्या बाजूला १ मिलिमीटर जाडीचा सनमायका घ्यावा. आतल्या बाजूलाही पातळ पांढरा सनमायका लावणे आवश्यक आहे, कारण एकाच बाजूला लावलेले शटर पुढे वाकते.

केवळ चौरस फूट मोजून शीट मागवू नका. आमचे उदाहरण घ्या. एलच्या दोन्ही बाजूंतून कोपऱ्याचे दोन-दोन फूट वजा केल्यावर आमच्या ओट्याखाली नऊ फूट दर्शनी लांबी उरली. शटरची उंची २८ इंच, रुंदी १८ इंच, म्हणजे सहा शटर. क्षेत्रफळ साधारण २१ चौरस फूट भरते आणि कागदावर एका शीटमध्ये अकरा चौरस फूट शिल्लक दिसतात. पण लाकडी रेषा शीटच्या आठ फुटी बाजूने धावतात. शटरवर रेषा उभ्या हव्या असतील तर ९६ इंचांत २८ इंचांचे तीन तुकडे बसतात आणि ४८ इंच रुंदीत १८ इंचांचे दोनच. सहा शटर निघाली की उरतात त्या फक्त बारा इंचांच्या दोन पट्ट्या. ट्रॉल्यांच्या तळाशी, जमिनीलगत येणाऱ्या चार इंची पट्टीला म्हणजे स्कर्टिंगला त्या पुरल्या, मात्र फ्रिजच्या बाजूची २४ इंच रुंद दर्शनी बाजू त्यांतून निघाली नाही. तिच्यासाठी दोन आठवड्यांनी दुसरा शीट आणला, नंबर तोच होता, पण उत्पादनाची खेप वेगळी होती. ती बाजू दिवसा थोडी अधिक पिवळी दिसते.

म्हणून दर्शनी बाजूंसह पूर्ण कापणीचा कच्चा नकाशा आधी कागदावर काढा, सगळे शीट एकाच वेळी घ्या, मागच्या बाजूला छापलेला खेपेचा क्रमांक सगळ्यांवर एकच आहे ना ते पाहा आणि मगच गाडीत चढवा. पांढऱ्या सनमायक्याला रेषा नसल्यामुळे तो कसाही कापता येतो आणि त्यात तूट कमी पडते. दोन रंग घेतले की दोन्हींचे अर्धवट शीट उरतात, त्यामुळे एका रंगापेक्षा थोडा जास्त खर्च येणारच, हे अंदाजपत्रकात आधीच धरावे.

कोटेशनमध्ये पुढील बाबी लेखी असाव्यात:

- प्लायवूडचा प्रकार, जाडी आणि आयएसआय चिन्ह. खालच्या ट्रॉल्यांसाठी, निदान सिंकखालच्या भागासाठी, आयएस ७१० हे मानक असलेले मरीन प्लाय घ्यावे. कपाटाच्या सांगाड्याला आणि शटरला १८ मिलिमीटर जाडी नेहमीची आहे.
- दोन्ही सनमायक्यांचे पूर्ण नंबर आणि फिनिश. केवळ व्हाइट आणि ब्राउन असे लिहिलेले कोटेशन स्वीकारू नका.
- दर्शनी बाजू, स्कर्टिंग आणि माळ्याची दारे कोणत्या रंगात असतील.
- कडेला लावायच्या पट्टीचा रंग. पांढऱ्या शटरला पांढरी आणि तपकिरीला त्याच छटेची पट्टी हवी. दोन्हीकडे एकच पट्टी लावणे ही नेहमी होणारी चूक आहे, आणि पांढऱ्या दाराभोवतीची तपकिरी चौकट नंतर रोज खुपते.
- बिजागऱ्या, चॅनेल (खण ज्यांवर सरकतात त्या पट्ट्या), बास्केट यांचा प्रकार आणि बास्केटच्या स्टीलची प्रत. ३०४ प्रतीचे स्टील ओल्या भांड्यांना टिकते.
- दर कशावर लावला आहे. कोणी शटरच्या दर्शनी चौरस फुटांवर लावतो, कोणी ओट्याच्या रनिंग फुटावर, म्हणजे फक्त लांबीवर. दोन कोटेशनची तुलना करण्यापूर्वी दोन्ही एका मापात आणून घ्या.
- पैशांचे टप्पे. शेवटची रक्कम सर्व शटर बसून, समतल होऊन, तुम्ही तपासल्यानंतरच द्यायची आहे असे स्पष्ट लिहून घ्या.

फिनिशबद्दल थोडक्यात सांगते. चकचकीत पांढरा उजेड जास्त परावर्तित करतो, पण त्यावर बोटांचे ठसे आणि ओरखडे दिसतात. स्वयंपाक रोज होणाऱ्या घरात वर साधा मॅट पांढरा आणि खाली हाताला किंचित खरखरीत लागणारा लाकडी पोत असलेला तपकिरी ही जोडी सर्वांत निभावणारी आहे. खोल पोत असलेला सनमायका मात्र शेगडीच्या आसपास टाळावा, कारण त्याच्या खाचांत तेलकट धूळ बसते आणि ती निघत नाही.

पायरी ६: कामाचा क्रम

आधी प्लंबिंग आणि विजेचे पॉइंट, मग टाईल्स, मग ग्रॅनाइट आणि सर्वांत शेवटी कपाटांची मापे. ग्रॅनाइट बसण्याआधी घेतलेल्या मापावर ट्रॉल्या करून घेऊ नका. भिंती क्वचितच गुण्यात असतात, त्यामुळे रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजून सर्वांत कमी माप धरले जाते ना ते पाहा. एका रंगाच्या कपाटात पाव इंचाची तिरकी फट लपून जाते. पांढरे कपाट आणि क्रीम टाईल यांच्या सीमेवर ती काळ्या रेघेसारखी दिसते.

शटर कापण्यापूर्वी सुतारकाकांसोबत बसून प्रत्येक शटरवर खडूने बाणाने रेषांची दिशा लिहा. तीन खणांचा संच असेल तर तिन्ही खणांचे दर्शनी भाग एकाच सलग तुकड्यातून वरून खाली कापायला सांगा, म्हणजे लाकडाची रेघ एका खणातून दुसऱ्यात उतरते. हे काम फुकटात होते, पण कापण्याआधी सांगितले तरच.

कपाटांच्या आत दोन्हीकडे पांढराच सनमायका घ्यावा. खालच्या तपकिरी ट्रॉलीत आतूनही तपकिरी असेल तर मागच्या डब्यापर्यंत उजेड पोहोचत नाही आणि सांडलेला रवा किंवा झुरळाची अंडी दिसत नाहीत.

गॅसची जागा बंद करताना रंगापेक्षा हवेचा विचार आधी करा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून त्या कपाटाच्या दाराला तळाशी झरोके हवेत. पाइपने येणारा गॅस हवेपेक्षा हलका असतो, म्हणून तिथे वरच्या बाजूला मोकळीक हवी. मीटर आणि वॉल्व्ह कायमचे झाकणारे कपाट करू नये, हात सहज पोहोचला पाहिजे.

पायरी ७: ताबा घेण्यापूर्वीची तपासणी

दिवसा एकदा आणि दिवा लावून एकदा तपासा. शटरच्या खालच्या कडा हाताने चाचपून पाहा, कारण वरून न दिसणारी तीच कड अनेकदा पट्टीविना सोडलेली असते. सिंकखालच्या शटरची कड उघडी राहिली तर पहिल्या पावसाळ्यातच प्लाय फुगते. वरच्या पांढऱ्या कपाटांचा तळही पाहा. कुकरची वाफ रोज तिथेच आदळते आणि आमच्याकडे पहिल्या वर्षी शेगडीच्या बाजूच्या शटरची खालची कड नेमकी तिथेच सुटू लागली होती. तिथे पट्टी पुन्हा चिकटवून घेतली आणि कुकर चिमणीच्या मधोमध येईल अशा शेगडीवर लावण्याची सवय केली. त्यानंतर ती कड सुटलेली नाही.

फटी सगळीकडे सारख्या आहेत ना, तपकिरी शटरवर गोंदाचे पांढरट डाग राहिले नाहीत ना, हँडलची भोके एका रेषेत आहेत ना, हे पाहून झाले की उरलेले पैसे द्यावेत.

पायरी ८: रोजची निगा

पांढऱ्यावर हळद दिसते आणि गडद तपकिरीवर पीठ दिसते. हे दोन्ही रंग घरात येण्यापूर्वी मला कोणी सांगितले नव्हते. फोडणीचा पिवळा शिंतोडा पांढऱ्या शटरवर पडला तर लगेच ओल्या फडक्याने आणि साबणाच्या पातळ पाण्याने पुसावा. तरीही पिवळी छटा राहिली तर तारेच्या घासणीने खरवडू नये. हळदीचा रंग सूर्यप्रकाशात हळूहळू विरतो, त्यामुळे खिडकीजवळच्या शटरवरचे फिकट डाग काही दिवसांत आपोआप पुसट होतात. ब्लीच वापरल्यास सनमायक्याचे फिनिश जाते.

तपकिरी शटरवर सिंकखाली पाण्याचे ओघळ वाळून पांढऱ्या रेघा उमटतात, विशेषतः बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी असेल तर. रात्री ओटा आवरल्यावर सिंकखालची दोन शटर कोरड्या फडक्याने पुसली तर रेघा साठत नाहीत. साठल्याच तर पाण्यात थोडे व्हिनेगर घालून पुसावे, मग साध्या पाण्याने पुसून कोरडे करावे आणि हे पाणी ग्रॅनाइटवर सांडू देऊ नये.

दोन्ही सनमायक्यांचे उरलेले मोठे तुकडे टाकून देऊ नका. ते माळ्यावर आडवे, वर वजन न ठेवता जपून ठेवा आणि प्रत्येकाच्या मागे नंबर, फिनिश, खेपेचा क्रमांक आणि खरेदीची तारीख मार्करने लिहा. पाच-सहा वर्षांनी एखादे शटर बदलावे लागले आणि तो नंबर बाजारातून गेलेला असला, तर तोच तुकडा कामाला येतो.